कैकराची बायको

"अहो नवरदेव! मान वर! वर म्हणतो मी! पायाकडं काय बघता, चपला कोणी नाही पळवल्या!"

तलावाच्या काठावर उभं राहून नाना ओरडत होते. मंगल कार्यालयात बँड चालू असताना अख्ख्या वऱ्हाडाला एका ओळीत उभं करणारा तो आवाज. त्या आवाजानं पलीकडच्या काठावरच्या म्हशी पाण्यातून उठल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. उंच म्हशी मागे, रेडकं पुढे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझं चष्म्याचं दुकान आहे, तेव्हा डोळ्यांबद्दल शंका नको. नवरदेव मात्र ढिम्म. ते पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीच्या शेंड्यावर बसून नखात अडकलेला माशाचा खवला काढत होते.

नवरदेव म्हणजे कैकर. घारीएवढा शिकारी पक्षी, पोटाशी पांढरा, डोळ्यावरून काळा पट्टा ओढलेला. माशाशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. दिवाळीनंतर थंडीबरोबर कुठून तरी लांब उत्तरेकडून आमच्या जळगावजवळच्या या तलावावर येतो, आणि होळीच्या सुमारास परत जातो. आणि नाना म्हणजे माझ्या दुकानाशेजारच्या फोटो स्टुडिओचे मालक. जळगाव-धुळ्याकडे असं घर सापडणं कठीण, ज्याच्या भिंतीवर नानांनी काढलेला लग्नाचा फोटो नाही. काही जोडपी आता एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत, पण फोटोत नानांनी मान जिकडं वळवली होती तिकडंच मुकाट बघत बसलेली आहेत.

पुढे ड्रोन आले. नवरा-नवरी लग्नाआधीच डोंगरावर पळून फोटो काढायला लागले. मग नानांनी एक दिवस शटर अर्धं खाली ओढलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवून माझ्या दुकानात आले.

"भो, तुमच्याकडे गाडी शे ना?"

होती. आयुष्यात माझ्याकडून घडलेला एवढाच गुन्हा. तेव्हापासून तीन हिवाळे मी पहाटे उठून असोद्याच्या केळीबागांमधून त्या तलावावर जातोय. थंडीत केळीच्या बागेतून येणारा वारा असा लागतो, की माझा शब्द तोंडातून निघाला की तिथंच गोठायचा आणि नानांना परतीच्या वाटेवर ऐकू यायचा.

पाखरांचे फोटो काढणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती झाडाच्या रंगाचे कपडे घालतात, गवतात पालथी पडतात, श्वास घेतात तोही परवानगी मागून. नाना पांढऱ्या सफारीत येतात. पहिल्या वर्षी तर ते लग्नातली चंदेरी छत्री घेऊन आले होते. नवरीच्या चेहऱ्यावर उजेड पाडायची ती. कैकरावर उजेड पडला नाही, पण एका म्हशीला छत्रीत स्वतःचं तोंड दिसलं. ती जवळ आली, मान तिरकी करून उभी राहिली आणि हलेचना. नानांनी तिचा फोटो काढला. तो आजही स्टुडिओच्या काचेत लावलेला आहे, आणि नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "उभ्या आयुष्यात इतकी शांत नवरी पाहिली नाही."

दुसऱ्या वर्षी एका घारीनं नानांच्या हातातली ठेचा लावलेली कळण्याची भाकरी अख्खी उचलून नेली. ती घार ओरडत सरळ तापीच्या दिशेनं गेली. पाण्याला. तलावाचं पाणी तिला पुरण्यातलं नव्हतं.

नानांचा नियम एकच. एका पोझला एक फोटो. रोलच्या जमान्यातली बोटं. खटका दाबला की छत्तिसातला एक गेला, हे हाडात बसलेलं. आजूबाजूला कोणाचा कॅमेरा खडखडखड वाजायला लागला की नाना कपाळाला हात लावतात. "दळण आणलंय का याने? फोटो काढतोय की गिरणी चालवतोय?"

आणि अल्बम! स्टुडिओत लग्नाचे कोरे अल्बम उरलेले होते, त्यांचं काय करायचं? नानांनी पाखरं त्यातच लावली. जाड पानं, सोनेरी कडा, वर 'शुभविवाह'. 'हळद' लिहिलेल्या पानावर पिवळ्या पायांची कापशी घार. 'पंगत' या पानावर उंदीर फाडणारा ससाणा. बदामाच्या आकाराच्या चौकटीत कैकर, पायात तडफडणारा मासा, खाली गुलाबाची दोन फुलं. माझ्या बायकोनं तो अल्बम पाहिला आणि दोन दिवस जेवली नाही.

मधली दोन पानं मात्र कोरी होती. त्यावर छापलेलं होतं 'वधू-वर'.

"जोडी पाहिजे," नाना म्हणायचे. "एकट्याचा फोटो म्हणजे पासपोर्ट. तो कुठंही निघतो. फोटो म्हणावा तर जोडीचा. हाऊ एकलाच का बसस रोज? त्यानी बायको कोठे शे?"

झालं. ही बायको शोधणं हे नानांचं व्रत होऊन बसलं. कैकरासाठी सगळे लोक तलावाच्या एका काठावर बसत. नाना मला घेऊन चारी काठ पालथे घालत. दुर्बिणीतून प्रत्येक खांब, प्रत्येक वाळकं झाड. एक दिवस म्हणाले, "माहेरी गेली असेल. चला, पहूरला."

"पहूरला का, नाना?"

"आमची ही पहूरचीच."

यात कैकराचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. नाना निश्चयानं गाडीत बसले की त्यांना प्रश्न विचारायचा नसतो, पेट्रोल टाकायचं असतं. पहूरकडचे दोन पाझर तलाव आम्ही पाहिले. तिथं बगळे होते, धुणं धुणाऱ्या बाया होत्या आणि नानांचा एक चुलत मेहुणा होता. त्यानं आम्हाला चहा पाजला आणि विचारलं, "अक्का कशी शे?"

"मजेत," नाना म्हणाले आणि बशी तोंडाला लावली ती चहा संपल्यावरही काढली नाही.

अक्का म्हणजे मालतीकाकू. नानांची बायको. त्या पुण्याला मुलाकडे असतात. नातू झाला तेव्हा सहा महिन्यांसाठी गेल्या होत्या. नातू आता शाळेत जातो. सून नोकरी करते, मुलगा नोकरी करतो, पोराला बघायला कोण? नाना एकदा गेले होते राहायला. चौथ्या दिवशी परत. म्हणाले, "तिथं खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी दिसते. तो मला बघतो, मी त्याला बघतो. फोकस कुठं करायचा माणसानं?"

काकूंचा फोन रोज सकाळी यायचा, आम्ही तलावावर असतानाच. मला तो पाठ झालाय.

"पाणी आलं?"

"आलं."

"दूध तापवलं?"

"तापवलं."

"ठेवू?"

"ठेव."

एवढंच. फोन खिशात टाकून नाना पुन्हा ओरडायला मोकळे. फक्त उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की त्यात एक वाक्य वाढायचं. काकू म्हणायच्या, "सुट्टीत येऊ का पोराला घेऊन?" आणि नाना म्हणायचे, "नको. ऊन आहे." आमच्या जळगावचं ऊन काय असतं ते परक्याला सांगून पटत नाही. मे महिन्यात आमच्याकडे कोंबडी उकडलेलंच अंडं घालते. अशाच एका मे महिन्यात सुट्टीला आलेल्या काकू ओट्याजवळ चक्कर येऊन पडल्या होत्या. तेव्हा सलाइनची बाटली हातात धरून नाना रात्रभर उभे होते. दवाखान्यात बाटली अडकवायचा स्टँड होता, तरी. त्या वर्षापासून "नको. ऊन आहे."

तर त्या दिवशी, म्हणजे नवरदेवांच्या चपलांवरून ओरडाआरडा चालू होता त्या दिवशी, आमच्या मागून कोणीतरी म्हणालं, "नाना, हळू हो! उडेल तो!"

धुळ्याच्या वैशाली मॅडम होत्या. शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी पाखरं बघत हिंडतात. हातात तोफेएवढी लेन्स. नानांनी त्यांना नखशिखान्त पाहिलं आणि ओळखलं.

"पारोळ्याचं लग्न! तुमच्या नवरदेवानं प्रत्येक फोटोत डोळे मिटले होते."

"अजून मिटतात, नाना."

"मग तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा," नाना एकदम मुद्द्यावर आले. "तीन हिवाळे झाले, हे बुवा इथं एकटेच बसतात. यांच्या मिसेस कुठं आहेत? मी सगळे तलाव पाहिले. होळी आली, आता हे चालले. या वर्षी जोडीचा फोटो घेतल्याशिवाय मी काही यांना सोडत नाही."

मॅडमनी लेन्स डोळ्याला लावली. बराच वेळ बघितलं. मग हसू दाबत म्हणाल्या, "नाना, छातीवर तो तपकिरी पट्टा बघा. चांगला रुंद आहे, ठळक आहे. अंगानंही मोठी आहे. ही बाई असावी."

नाना कॅमेऱ्यातून बघत राहिले. तीन हिवाळे ज्याला नवरदेव, नवरदेव म्हणून ओरडले, फेटा नीट करा म्हणाले, मिशी दिसत नाही म्हणाले, ती बाई! मला हसू आवरेना. मी तोंडात मफलर कोंबला.

"मग नवरा कुठं?" नानांनी विचारलं. आवाज एकदम दुकानातला झाला, कार्यालयातला नाही.

"असेल कुठल्या तरी दुसऱ्या तलावावर. एकटाच. हिवाळ्यात ही जोडी बरोबर नसते, नाना. ती इकडे, तो तिकडे. कधी कधी देशसुद्धा वेगळे."

"भांडण?"

"नाही हो. अशीच रीत असते त्यांची. पोटाची सोय जिथं, तिथं."

"आणि मग?"

"मग उन्हाळ्यात परत घरट्यावर भेटतात. त्याच जुन्या घरट्यावर. बहुतेक वेळा नर आधी पोचतो. काटक्या आणतो, गवत आणतो, घरटं नीट करून ठेवतो."

"आणि ती येते?"

"येते."

मी नानांना इतका वेळ गप्प फक्त मंगलाष्टकं चालू असताना पाहिलंय, आणि तेव्हाही ते हातानं ओरडत असतात. त्यांनी कॅमेरा स्टँडवर तसाच सोडला, खिशातून फोन काढला आणि काठाकाठानं थोडं पुढे गेले. काकूंचा फोन यायला अजून अवकाश होता. तीन हिवाळ्यांत पहिल्यांदाच मी नानांना इकडून नंबर लावताना पाहिलं.

आणि नेमकं त्याच वेळी ती उठली.

बाभळीवरून उठली, तलावावर एक चक्कर मारली, हवेत थांबली. पंख फडफडवत एका जागी अशी थांबली, की तलावातले सगळे मासेही थांबले असतील. मग पाय पुढे करून दगडासारखी खाली. पाणी फुटलं. क्षणभर नुसते पंख दिसले. आणि वर आली ती मासा घेऊन, आणि मासा केवढा! मी सांगत नाही, तुम्हाला खोटं वाटेल. ती उडताना त्याची सावली मला माझ्या गाडीवर पडलेली दिसली. ती सरळ आमच्याकडे येत होती. उगवतीचं ऊन तोंडावर, पंख ताणलेले, आणि मान? मान वर! अगदी नाना सांगत आले तशी, वर!

"नाना!" मी बोंब मारली. "नाना, मासा! फोटो! नाना!"

मॅडमच्या कॅमेऱ्यानं दळण काढलं. मी नानांकडे पळालो. नाना पाठमोरे उभे होते, एक बोट दुसऱ्या कानात घातलेलं.

"...नाही, ऐक तर. कूलरचं गवत बदलून घेतो उद्याच. दुसरा एक स्वयंपाकघरात लावतो, ओट्याजवळ. गच्चीवर हिरवी जाळी टाकतो. हो, दोन्हीकडून. पोराला सुट्टी लागली की ये. ऊन? ऊन असतंच गं, ते माझं मी बघतो."

पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. "तिकडे कोण ओरडतंय एवढं?"

"चष्मेवाले आहेत. तू बोल."

ती आमच्या डोक्यावरून गेली. इतकी खालून, की माशाच्या शेपटीचं पाणी नानांच्या पांढऱ्या सफारीवर पडलं. नानांनी खांदा झटकला आणि बोलत राहिले. जाळीची लांबी-रुंदी सांगत होते. ती केळीच्या बागांवरून लहान लहान होत दिसेनाशी झाली.

बऱ्याच वेळानं फोन खिशात टाकून ते परत आले. लेन्सला टोपी लावली. स्टँडचे पाय एकेक करून मिटायला लागले.

माझा जीव नुसता जळत होता. "अहो नाना! तीन हिवाळे तिला मान वर करा म्हणून ओरडलात, आज तिनं केली! तोंडासमोरून गेली, मासा घेऊन! असा फोटो पुन्हा मिळायचा नाही. गेला ना हो फोटो!"

नानांनी स्टँड खांद्यावर टाकला.

"जाऊ द्या, भो," ते म्हणाले. "एकटीचाच होता."