जुन्या कार्डांना कळता कामा नये

अन्याय झाला तो नाना साळुंख्यांवर. गेल्या सोमवारी, दुपारच्या भोंग्याआधी, साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत, आम्हा सगळ्यांच्या देखत. नव्या साहेबांनी त्यांच्या हातातला पत्र्याचा डबा काढून घेतला. म्हणाले, "बॉयलर पेटला की हा कचरा आत टाका." आणीबाणी उठली म्हणतात, आमच्या खोलीत उठलेली नाही.

कचरा कसला, ते ऐका.

नाना फौजेतून सुटून आलेले. आमच्याबरोबर ऊसबिलांच्या कार्डांना भोकं पाडतात; ती भोकं यंत्र वाचतं. माणूस विक्षिप्त. सायकलला हॉर्न बसवला, पण घंटी काढली नाही. का? "मलकापूरच्या वळणावरलं कुत्रं घंटीला सरावलंय रं. त्याला कळता कामा न्हाई." घर बदललं, तर पोस्टमनला सांगूनही जुन्या दारावर खडूनं नव्या घराची वाट काढून आले. काहीही नवं करा, नानांची अट एकच: जुन्याला कळता कामा न्हाई.

ह्या माणसानं यंत्रावर खेळ रचला. किल्ल्यात फिरायचं. एका कार्डावर एक खोली: तिचा नंबर, चार दिशांच्या वाटा, थोडं वर्णन. आपल्या चालीही कार्डावर द्यायच्या. यंत्र इंग्रजी अक्षरांत मराठी छापून सांगणार, कुठं पोचलात. गाळप संपलं की कारखाना ज्यांना घरी धाडतो, ती हंगामी पोरं जाताना आपापली एक खोली घालून जायची. ती सगळी कार्डं त्या पत्र्याच्या डब्यात.

यंदा मी म्हटलं, "नाना, खोल्यांत सामान ठेवू या. दोर, कंदील."

"ठिव की. पर कार्डाच्या शेपटीकडं, कोऱ्या जागंत. जुन्यांची शेपूट कोरीच हाय. यंत्र म्हनंल, हितं सामान न्हाई. झालं!"

आणि झालंच. जुनी खोली, नवा कंदील, एकाच किल्ल्यात.

साहेबांना ही रचना गबाळी वाटली. त्यांनी कार्डावर सामान पुढं घेतलं, वाटा मागं ढकलल्या. जुनं कार्ड घातलं की यंत्र वाटेलाच सामान समजू लागलं. उत्तरेला जावं तर पुन्हा तीच खोली.

"आवं सायेब, पोरं हंगामाला आली की आपली खोली हुडकत्यात."

"मग नवी बनवतील. नाहीतर तुम्हीच बनवा."

"म्हादूची खोली म्या कशी बनवू?"

म्हादू म्हणजे औंधचा हंगामी पोरगा. गेल्या उन्हाळ्यात कारखाना बंद असताना मी सहज कॉम्प्युटरच्या खोलीत डोकावलो. नाना एकटेच होते. चाली घालत होते. यंत्रानं छापलं: "ही म्हादूची खोली. या नाना, बसा." नानांनी टोपी काढली आणि स्टुलावर बसले.

"निघायचं का, नाना?" मी म्हटलं.

"बस म्हटलंय त्यानं. लगीच कसं उठायचं?"

घरी त्यांना असं म्हणणारं कुणी नाही.

येत्या सोमवारी बॉयलरचं अग्निप्रदीपन आहे. डबा साहेबांच्या टेबलाखाली आहे. तुम्ही सभासद असा, ऊस घालणारे असा, नुसते पेढ्याला येणारे असा, या. आणि डबा नानांच्या हातात पडेपर्यंत बॉयलरच्या तोंडापासून हलू नका.