भूपालचं अर्धं तिकीट

महाबळेश्वरला हवा फुकट आहे, हे धन्यकुमारला पहिल्यापासून पटलेलं होतं. पॉइंटही फुकट. सूर्य मावळताना बघायला कुणी पैसे मागत नाही. थंडी, झाडी, माकडं, सगळं फुकट. अडचण होती ती तिथवर जाण्याची, तिथं राहण्याची आणि घोडा व होडी या दोन गोष्टींची.

जैन रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून घरातली चारही माणसं सोप्यात बसली होती. धन्यकुमारनं गुडघ्यावर एक कोरा कागद धरला होता आणि पेन्सिल कानावर होती.

"घोडा न्हाईतर होडी. दोन्हीतलं एक," तो म्हणाला.

"दोन्ही," त्याचा पोरगा भूपाल म्हणाला.

"आन मी?" त्याच्या बायकोनं, राजमतीनं विचारलं.

"तू काठावर बसायचं. काठाला पैसे पडत न्हाईत."

"काठावर बसायला हितली कृष्णा काय वाईट हाय? तेवढ्यासाठी महाबळेश्वर कशाला?"

धन्यकुमारनं कानावरची पेन्सिल काढली. सांगलीच्या मार्केट यार्डात त्याचं भुसार मालाचं दुकान होतं आणि त्याच्या काट्याची ख्याती होती. लांबलांबचे शेतकरी म्हणत, "आधी धन्यकुमारच्या काट्यावर घाला, मग भावाचं बोला." असा माणूस हिशेबाला कधी अडत नाही. पण सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच सगळं घर हवा खायला निघालं होतं, आणि आकडा काही केल्या बसत नव्हता. चहा कमी करून झाला, हॉटेल जाऊन धर्मशाळा आली, तरी आकडा आवाक्याबाहेरच राहिला.

मग त्याची नजर भूपालवर गेली. भूपाल पंधरा वर्षांचा, बापापेक्षा चार बोटं उंच. ओठावर कोवळी मिशी. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्याचं ते दुसरं वर्ष होतं. मार्चमध्ये परीक्षा देऊन तो मोकळा झाला होता, आणि गणिताच्या पेपरापासून जरा कमी बोलत होता.

"बारा वर्सांच्या आत आर्धं तिकीट असतंय," धन्यकुमार हळूच म्हणाला.

राजमतीनं नवऱ्याकडं बघितलं, मग पोराकडं बघितलं. "आवं, ह्येला आर्धं कोण म्हणंल? ह्यो दीड हाय."

"धर्मशाळंत बी आर्धंच लागंल. म्हंजी होडी बी आली आन घोडा बी आला."

घोडा ऐकून भूपाल मिशी काढायला तयार झाला. राहता राहिल्या धन्यकुमारच्या आई, आक्काताई. त्या जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी खोटं बोलणार न्हाई. कुणी इचारलं की खरं सांगीन."

"मग आक्का, तू बोलूच नगंस."

"बरं. गाडीत बसले की मौन."

दुसऱ्या दिवशी भूपालची मिशी गेली. हनुवटीवर तेवढी एक चीर आली. चुलतभावाची हाफ पँट मागून आणली. पायांवरच्या केसांचं काय करायचं ते मात्र कुणालाच सुचेना. शेवटी मांडीवर मोठी पिशवी घेऊन बसायचं ठरलं. "वय इचारलं तर आकरा म्हण," एवढं बापानं पढवलं, आणि सगळा बंदोबस्त झाला असं समजून तो झोपला.

एक मेला सकाळची एस. टी. सांगलीहून निघाली. कंडक्टर तिकिटं फाडत यांच्याजवळ आला आणि थांबला.

"तीन फुल, एक हाफ," धन्यकुमार खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"ह्यो हाफ?"

"आकरा वर्सं. उंची आमच्या घराण्यातच हाय."

कंडक्टर मुरलेला होता. तो बापाला सोडून पोराकडं वळला आणि अगदी मायेनं विचारलं, "बाळ, कितवीत हायस?"

हे कुणी पढवलं नव्हतं. "दहावीची परीक्षा दिलीया," भूपाल म्हणाला.

आजूबाजूच्या बाकांवरची डोकी वळली. त्या वेळी धन्यकुमारनं खिशात हात घालून फरक भरायचा होता. त्याचा हात खिशापर्यंत गेलाही. पण तोंडातून निघालं ते असं, "हुशार हाय. मास्तर एकसारखं वरच्या वर्गात ढकलत गेले."

कंडक्टरनं पोराकडं परत एकदा बघितलं. त्याचा चेहरा बदलला. त्यानं अर्धं तिकीट फाडलं आणि दोन्ही हातांनी भूपालच्या हातात दिलं.

पुढच्या बाकावर हिरवा चष्मा लावलेले एक गृहस्थ बसले होते. ते सबंध वळून मागं बघू लागले. हे नानासो, रिटायर सुभेदार, मेढ्याच्या अलीकडच्या एका गावचे, तिथल्या हायस्कुलाचे चेअरमन. मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन करून गावी चालले होते.

"आकरा वर्सांत दहावी?" ते म्हणाले. "पोरा, कुठल्या देशाची राजधानी कॅनबेरा?"

"ऑस्ट्रेलिया."

"शाबास. पानपतची लढाई कवा झाली?"

"तिसरी ना? सतराशे एकसष्ट."

अकरा वर्षांच्या पोराला विचारावेत असेच प्रश्न ते विचारत होते, आणि पंधरा वर्षांचा भूपाल सटासट उत्तरं देत होता. कऱ्हाड येईपर्यंत सगळ्या गाडीला बातमी लागली. एका बाईनं त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. एका म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि हाताला काहीतरी टोचलं म्हणून चकित झाली. कुणीतरी आक्काताईंना विचारलं, "आज्जी, नातवाला लहानपणी काय खायला घालत होता?" आक्काताईंनी ओठ घट्ट मिटून डोळे बंद केले. "मौन हाय त्यांचं," राजमतीनं सांगितलं. त्यावर दोघीतिघी उठून त्यांच्या पाया पडल्या.

धन्यकुमार खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपेचं सोंग घेऊन बसला होता. कान तापले होते. साताऱ्याला उतरून फरक भरायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण साताऱ्याला गाडी थांबते न थांबते तोच नानासोंनी भूपालचा हात धरून त्याला कँटीनमध्ये नेलं, सगळ्यांना दाखवलं आणि परत येऊन सांगितलं, "शेटजी, आज आमच्या हायस्कुलात कार्यक्रम हाय. पावना येणार हुता, त्यो काल नगं म्हनला. तुमी चला. पोराचा सत्कार करू."

"आम्हाला महाबळेश्वरला पोचायचं हाय. तिकिटं काढल्यात..."

"त्याची काळजी नगं," कंडक्टर म्हणाला. "मागच्या गाडीत ह्याच तिकिटावर बसवून देतो. आसलं पोरगं शाळंनं बघाय पायजे."

पैसे जादा पडणार नव्हते, त्यामुळं नाही म्हणायला धन्यकुमारला कारणच उरलं नाही.

गाडी हायस्कुलाच्या दारात थांबली. मांडव घातलेला, पोरं ओळीनं बसलेली, आयाबाप मागं. सकाळीच वार्षिक निकाल लागला होता. भूपालला लाल फेटा बांधला. वर फेटा, खाली चुलतभावाची हाफ पँट. धन्यकुमारच्या खांद्यावर शाल आली. ती अंगावर पडली तेव्हा त्याला आपल्या दुकानातला काटा आठवला, आणि आज त्या काट्याचं नाव कुणी काढू नये असं वाटलं.

नानासोंनी भाषण केलं. "वय वर्सं आकरा. फकस्त आकरा. आन आपली पोरं बघा."

मागच्या ओळीत एक माणूस उभा राहिला. मुंडासं, हातात काठी.

"बस खाली, केरबा," नानासो म्हणाले.

"बसतो. थोडकंच बोलायचं हाय." केरबाचा आवाज साधा होता, तक्रारीचा नव्हता. "माझा तेरा वर्सांचा. सकाळी निकाल झाला. सहावीत दुसऱ्यांदा नापास झाला. मास्तर म्हनत हुतं, आजून येक वरीस बघू. पर ह्यो आकराचा दहावीला बसतोय, तवा माझ्याच्या डोस्क्यात कायच न्हाई ह्ये उघड झालं. मग कशाला बघायचं? त्येचं नाव काढा. उद्यापासनं म्हशीमागं जाईल."

हेडमास्तर खाली बघू लागले.  धन्यकुमारनं नानासोंकडं बघितलं, भूपालकडं बघितलं. भूपालची मान फेट्यासकट खाली गेली होती.

धन्यकुमार उठला.  खांद्यावरची शाल घसरली, ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"केरबा, नाव काढू नका," तो म्हणाला. "ह्यो आकरा वर्सांचा न्हाई. पंधरा वर्सांचा हाय. पंधराव्या वर्सी सगळीच पोरं दहावीला बसत्यात."

मागच्या ओळीतली माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"गाडीभाडं वाचावं म्हणून मी खोटं बोललो. मिशी बी मीच काढायला लावली. गणितात ह्यो दरसाल काठावर सुटतोय, आन औंदाचा पेपर तर कसा गेलाय ते त्यालाच ठावं."

मागून एक खोल श्वास ऐकू आला. "आता बोललं तर चालंल का?" आक्काताईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "आषाढात सोळावं लागंल."

पोरं हसायला लागली. मग आयाबाप हसले. नानासो तेवढे हसले नाहीत. त्यांनी हिरवा चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"नवा डोळा घिऊन आलो," ते हळू आवाजात म्हणाले, "आन पयल्या दिवशी ह्ये बघितलं."

ते ऐकून धन्यकुमारला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

केरबा अजून उभाच होता. "म्हंजी पोराला शाळंत ठिवू म्हनता?"

"ठेवा."

"पर तुमी तर खोटं बोलता, शेट. आत्ता खरं बोलताय ह्ये कशावरनं? माझ्या पोराची कीव आली म्हनून बोलत असाल."

 आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी धन्यकुमारकडं पुरावा मागत होतं. शेवटी हेडमास्तर पुढं झाले. त्यांनी फळ्यावर सहावीतलं अपूर्णांकाचं एक गणित लिहिलं आणि खडू भूपालच्या हातात दिला. भूपालनं वरच्या आकड्यांत वरचे मिळवले, खालच्यांत खालचे मिळवले, थोडं पुसलं, परत लिहिलं आणि घामाघूम होऊन मागं वळला.

"चूक," हेडमास्तर म्हणाले.

केरबाचा चेहरा उजळला. "आरं तिच्या. ह्येला बी येत न्हाई की." तो खाली बसला. "राहू द्या नाव."

कंडक्टरनं सांगितलेली मागची गाडी भरून आली आणि न थांबताच गेली. नानासोंनी चौघांना घरी नेलं. त्यांच्या सूनबाईनं आक्काताईंसाठी कांदालसूण न घालता, दिवस मावळायच्या आत स्वयंपाक केला.  धन्यकुमारनं शाल घडी करून पुढं ठेवली तर नानासो म्हणाले, "ठिवा. पावन्यासाठी आणली हुती. पावनं तुमीच हायसा."

सकाळी निघू म्हटलं तर केरबा दारात हजर. म्हशीचं दूध घेऊन आला होता, आणि भूपालनं पोराला चार उत्तरं तरी सांगावीत म्हणत होता. राजधान्या भूपालनं सांगितल्या. अपूर्णांक मात्र केरबाच्या पोरानंच त्याला समजावला. भूपाल फळ्यावर कुठं चुकला ते पोराला कालच कळलं होतं. दुपारी भूपाल नानासोंच्या घोडीवर बसून ओढ्यापर्यंत जाऊन आला. राजमती काठावर पाय सोडून बसली. संध्याकाळी केरबानं निळ्या डोंगराकडं बोट करून सांगितलं, "त्ये तिकडं महाबळेश्वर." चौघांनी बघितलं. सुट्टी दोनच दिवसांची होती, ती संपली.

परतीच्या गाडीत धन्यकुमारनं न विचारता चार फुल तिकिटं काढली आणि जातानाचा राहिलेला अर्धा भागही पुढं केला. हा कंडक्टर दुसरा होता. "मागचं तिकीट आमच्याकडं मिळत न्हाई," तो म्हणाला आणि पुढं गेला.

सांगलीत दुकान उघडलं तर शेजारचे गुळाचे व्यापारी दादासो तंबाखू मळत आलेच.

"काय म्हणतंय महाबळेश्वर?"

धन्यकुमारनं बसमध्येच ठरवलं होतं, आता एक शब्द खोटा बोलायचा नाही. "पोचलोच न्हाई," तो म्हणाला.

दादासोंनी गल्ल्यामागं घडी करून ठेवलेली शाल बघितली. "मग ही शाल कुठली?"

"सत्काराची."

"कुणाचा सत्कार?"

"माझा."

"कशाबद्दल?"

धन्यकुमारनं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. मिशी, हाफ पँट, आक्काचं मौन, फेटा, केरबा, फळ्यावरचं गणित. एकही गोष्ट त्यानं झाकली नाही. 

दादासोंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखूची चिमूट ओठात धरली आणि उठता उठता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खर्च किती आला ते सांगायचं नसलं तर सांगू नका," ते म्हणाले. "पर असल्या थापा कशाला, धन्यकुमार? तुमी काय तसलं माणूस न्हाई."