पंचाहत्तर टक्के

गरड सरांना डावं-उजवं चालत नसे. आमच्याबरोबर डबा खायला बसले की म्हणत, "मीठ जरा वायव्येकडं सरकव." रिक्षात बसले की, "पुढच्या चौकात आग्नेयेला घे." रिक्षावाला भलतीकडं वळला की सर खाली उतरून त्याला सूर्य दाखवत. एकदा दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कुठला गुडघा दुखतो? सर म्हणाले, "आत्ता मी उत्तरेला तोंड करून बसलोय, म्हणजे पूर्वेकडचा." डॉक्टरनं दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढले.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका विद्यापीठ केंद्रात सर भूगोल विभागाचे प्रमुख. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण त्यात आता सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी. तास झाला तर पैसे, नाही झाला तर राम राम.

सरांची दहशत हजेरीची. अकरा वाजले की दाराला आतून कडी. एक मिनिट उशिरा आलेला व्हरांड्यात उभा राहून खिडकीतून ऐकायचा. "पंचाहत्तर टक्के," सर पहिल्याच दिवशी सांगत. "चौऱ्याहत्तर भरली तर परीक्षेला बसायचं न्हाई. पृथ्वी कुणासाठी फिरायची थांबत न्हाई." कळंबहून पहाटेची एसटी पकडून येणारी आम्ही पोरं-पोरी त्या वाक्यापायी न खाता घर सोडायचो. कुणाच्या घरचं मात्र सर कधी विचारत नसत. लग्नाची पत्रिका दिली की गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगून ती बाजूला ठेवत.

विभागाला पंचवीस वर्षं झाली त्याच वर्षी सर निवृत्त होणार होते. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचं ठरलं. सरांनी भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा टांगला आणि जो विद्यार्थी सापडेल त्याच्या गावावर टाचणी टोचायला लागले. रोज दुपारी फोन. "हॅलो, गरड बोलतोय. तू सध्या कुठल्या अक्षांशावर आहेस?" पलीकडून कुणी फोन ठेवला की सर पुन्हा लावत.

टाचण्या वाढत गेल्या तसा नकाशा बघवेना. येडशीला स्टेशनबाहेर आमचा एम. ए. झालेला एक जण चहाची टपरी चालवत होता. कळंबच्या अडत दुकानात दोघं पोत्यांवर नंबर घालत होते. एक जण पुण्यात सोसायटीच्या गेटवर होता. "भूगोल उपयोगी पडतो सर," तो म्हणाला, "कुठल्या विंगला सावली कधी येते, मला आधी कळतं." सर खूश झाले. तो चेष्टा करत होता की खरं सांगत होता, मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या तुकडीतले चौघं वारले होते. सरांनी त्यांच्याही टाचण्या टोचल्या.

"ईट, तालुका भूम," असं म्हणून सरांनी एक टाचणी टोचली तेव्हा आमचे क्लार्क जाधव यादी बघत म्हणाले, "सर, ही रत्नमाला माजी विद्यार्थिनी कशी काय? पहिल्या वर्षाच्या परीक्षेला बसलीच न्हाई ती. पास झालेल्यांचीच यादी करायचीय."

"टाचणी राहू द्या," सर म्हणाले.

"पण नियमानं..."

"जाधव, टाचणी राहू द्या."

नियमाचं नाव काढल्यावर सरांनी कुणाला अडवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मेळावा झाला. मांडव दोनशे माणसांचा, आली पन्नासेक. बॅनरवर 'भुगोल' असं छापून आलं होतं. सरांनी स्टुलावर चढून मार्करनं उकार दीर्घ केला. विद्यापीठाचे पाहुणे पाऊण तास उशिरा आले तर सर अकराला सुरू करून बसलेले. पाहुण्यांना मागच्या रांगेत बसावं लागलं. शेवटी ते बोलायला उठले, विभागाचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्याच सुरात म्हणाले, की विद्यार्थीसंख्येअभावी पुढच्या वर्षापासून इथले प्रवेश थांबवण्यात येत आहेत. टाळ्या पडल्या. सवयीनं पडल्या, आणि मग एकेक हात थांबत गेला.

सरांनी सगळ्यांना जिल्ह्याचा नकाशा भेट दिला. ईटची रत्नमाला आली नव्हती. तिच्या नावाची गुंडाळी टेबलावर राहिली.

पुढच्या रविवारी सर माझ्या दारात. "वैशाली, ईटला चल. एकट्यानं जायला मला जमत न्हाई." भूमपर्यंत एसटी, तिथनं जीप. वाटेत सरांनी एकही दिशा सांगितली नाही.

रत्नमालाताईंची पिठाची गिरणी होती. भुवयांपर्यंत पीठ. सरांना बघून त्यांनी पट्टा बंद केला आणि पदरानं तोंड पुसलं.

"सर, तुमी व्हय?"

"मेळाव्याला आली न्हाईस."

"म्या कशाला येऊ? म्या काय पास झाले न्हाय."

सरांनी गुंडाळी पुढं केली. त्यांनी ती घेतली आणि न उघडता पोत्यावर ठेवली. सर पाठ केल्यासारखं म्हणाले, "तुझी हजेरी बहात्तर टक्के भरत होती."

"ठावं हाय. आई सोलापूरला दवाखान्यात होती. म्या चिठ्ठी दिलती तुमाला."

"दिली होतीस. मी वाचली होती."

सरच बोलत राहिले. "विभागाचं पहिलंच वर्ष होतं. मला वाटलं, एकीला सोडलं तर सगळे सैल सुटतील."

"आमच्या दादांनी त्याच आठवड्यात पाव्हणे बोलावले," ताई म्हणाल्या. "म्हणले, परीक्षा न्हाय तर घरी बसून करती काय? आई गेली अन् महिन्यात लगीन." आवाजात राग नव्हता. दळणाचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. "तुमी शिकवायचा मातुर लई चांगलं. मोसमी वारे अजून ध्यानात हायेत माज्या."

"माझं चुकलं," सर म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं."

तेवढ्यात एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आली. ताईंनी पट्टा चढवला, गिरणी सुरू झाली. त्या आवाजात पुढचं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. आम्ही निघालो.

भूमच्या स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर सर म्हणाले, "तिच्यानंतर मी कुणाची हजेरी कमी पडू दिली न्हाई. वर्ष संपलं की रजिस्टर घरी न्यायचो. जिथं कमी पडेल तिथं स्वतःच्या हातानं भरायचो. खोटी. चोवीस वर्षं."

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि मी कळंबला घरी राहिले होते. परत आले तेव्हा नोटीस बोर्डापुढं उभी राहिले. कमी हजेरीच्या यादीत माझं नाव नव्हतं. त्या दिवशी मी मैत्रिणींना हसत सांगितलं होतं, "भूगोलवाल्याला गणित येत नाही." सगळ्या जणी पोट धरून हसल्या होत्या.

"तुझे बेचाळीस दिवस होते," सर म्हणाले.

मला वर बघवेना.

"वडील बरे झाले का गं नंतर? विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर मला माहीत होतं हे तुला कळलं असतं."

"नाही सर," मी म्हणाले. "त्याच उन्हाळ्यात गेले."

सरांनी मान हलवली. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर गिरणीचं पीठ बसलं होतं, ते तळहातानं झाडत राहिले. धाराशिवची गाडी फलाटाला लागली, कंडक्टरनं दोनदा हाळी दिली. आम्ही दोघंही उठलो नाही.