तायडे काकाजी आणि गच्चीवरची काळी तार

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर जे काही लिहिलं ते कुरडयांच्या डब्यांवर, गिऱ्हाइकांची नावं. पण तायडे काकाजींबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे. आमच्या गल्लीत बाकी सगळे त्यांना नुसते हसतात.

हसण्यासारखं आहेही. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर निघत नाही, आणि सत्तरीचा एक माणूस डोक्याला ओला दुपट्टा बांधून गच्चीवरून खाली ओरडतो, "सुनबाई, काटा किती?"

ती सुनबाई म्हणजे मी. नात्यातली नाही, शेजारची. आमच्या दोन घरांची गच्ची एकच आहे. काकाजी फोन खात्यात लाइनमन होते. रिटायर झाल्यावर परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या रेडिओवरून दुसऱ्यांशी बोलायचा, परवाना काढला, आणि तो फ्रेम करून स्वतःच्या लग्नाच्या फोटोच्या वर टांगला. काकू आता पुण्याला मुलाकडे असतात. म्हणतात, रेडिओच्या खर्रखर्रीपेक्षा नातवाचं रडणं बरं.

गच्चीवर लोखंडी पोल, पोलावर दोन बाजूंना उतरत्या तारा, आणि तिथून बोटाएवढी जाड काळी तार गच्चीच्या फरशीवरून खाली काकाजींच्या खोलीत. खोलीत टेबल, टेबलावर रेडिओ आणि काट्याचा एक डबा. रेडिओनं पाठवलेलं किती वर जातं आणि किती उलट घरी परत येतं, ते काटा दाखवतो. काटा एकाजवळ असला की चांगलं. तीनच्या पुढे लाल.

काकाजींचं एक ठरलेलं वाक्य आहे. "तारेत काही नसते. जे असते ते जोडात असते." हे ते सगळ्याला लावतात. आमच्या ह्यांची कंबर धरली, तर म्हणाले, जोड ढिला आहे. कोपऱ्यावरच्या नवरा-बायकोचं भांडण झालं, तर तेच. एका लग्नात नवरदेवाचा मामा माइकवर बोलत असताना हे मंडपात उठले आणि माइकची तार हलवून आले. मामा भाषण विसरला. त्यांच्या चष्म्याला, चपलेला, बादलीच्या कडीला, सगळीकडे काळी टेप गुंडाळलेली आहे. दोडक्याच्या वेलालासुद्धा.

मी हळू बोलते. बोलताना मध्ये अडते, आणि तोवर समोरचा दुसरंच बोलायला लागतो, म्हणून मी बोलणंच कमी केलं. काकाजी वर तारा नीट करत असताना खाली काटा वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा पहिले काही दिवस मी आकडा पाठ करत जिना चढायची. काकाजी वैतागले. "अवो, तू वर येतपर्यंत काटा खाली एकटा काय करून राहिला, ते कोन पाहीन?"

मग मी ओरडायला शिकले. पहिल्यांदा "दीड!" म्हणून ओरडले, तर गल्लीतला भाजीवाला गाडी थांबवून म्हणाला, "दीड किलो काय, ताई?"

ही सगळी खटपट रोज संध्याकाळच्या पाचसाठी. पाच वाजता चिखलदऱ्याहून राऊत मास्तर बोलतात. मास्तर शाळेतून रिटायर झालेले, एकटे राहतात. लकवा मारून गेल्यापासून त्यांचा एकेक शब्द सावकाश निघतो. मी एकदा काकाजींना विचारलं, फोन काहून नाही करत?

"फोनवर मानूस मधात बोलते," काकाजी म्हणाले. "मास्तर एक शब्द काढते, तवर समोरचा चार काढते. रेडिओत तसं नाही. त्यानं बटन दाबलं की माहं तोंड बंद. त्यानं सोडलं की मंग मी. मास्तरले घाई नाही लागत."

गेल्या मे महिन्यात तेच बिघडलं. सकाळी आठला काटा सव्वावर, एकदम छान. संध्याकाळी पाचला काटा लालमध्ये आणि मास्तरांचा आवाज तुटक तुटक. सातला पाहावं तर पुन्हा सव्वा.

"तार माह्याशी खेळून राहिली," काकाजी म्हणाले. आणि अर्थातच जोडामागे लागले. तारेचं टोक हातभर कापायचं, नवा प्लग झाळायचा, वास घेऊन पाहायचा. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा लाल. पुन्हा हातभर कापायचं. तार आखूड होत गेली तसं टेबल खिडकीकडे सरकत गेलं. शेवटी ते खिडकीला चिकटलं, आणि काकाजी अर्धे बाहेर लोंबून बोलायला लागले.

गच्चीवरही ते तार चाचपत जायचे, पोलापासून बोटाबोटाने. मध्ये माझं वाळवण लागायचं. मी विकायला कुरडया करते, त्यामुळे मे महिनाभर गच्चीवर माझी जुनी लुगडी पसरलेली असतात. वाळवणाशी आले की काकाजी तार सोडून द्यायचे, वळसा घालायचे आणि पलीकडे पुन्हा तार धरायचे. "बाईमानसाच्या वाळवणाले आपला हात नको. एक कुरडई मोडली तर वर्षभराचं बोलनं."

हे मी जिन्यातून रोज पाहत होते. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

मग एक दिवस दुपारी ढग आले. मी तीनलाच कुरडया गोळा केल्या. त्या दिवशी पाचला काटा सव्वावर, मास्तरांचा आवाज खणखणीत. काकाजी रोजचे आकडे लिहिलेली वही उघडून बसले. "आज काय बदललं? काहीच नाही बदललं!"

बदललं होतं ते माझं वाळवण. लुगडं वाऱ्यानं उडू नये म्हणून मी त्याची एक कड त्या काळ्या तारेखाली खोचायची आणि वर आमचा फुटका पाटा ठेवायची. दगडी पाटा. सकाळी दहाला ठेवायचा, सूर्य खाली गेला की उचलायचा.

दुसऱ्या दिवसापासून गुपचूप पाटा दुसरीकडे ठेवला. मला वाटलं, मिटलं. पण तार उन्हात मऊ होऊन दबत दबत कामातून गेली होती. त्या आठवड्यात काटा सकाळीही लालमध्ये जाऊन बसला आणि तिथून हलेचना. काकाजींनी मास्तरांना फोन लावला. मास्तर शब्द शोधत होते, काकाजी सवयीनं गप्प बसले. मास्तरांना वाटलं लाइन कटली. त्यांनी ठेवून दिला. तीनदा तसंच झालं.

त्या संध्याकाळी काकाजी मला म्हणाले, "पोल उतरवतो, सुनबाई. तारेत काही नसते. माहे हातच गेले आता. जोड जमत नाही." आणि त्यांनी दोन्ही हात असे पुढे धरले, जसे कोणा दुसऱ्याचे आहेत.

मी म्हटलं, "काकाजी, ते... मी..." आणि अडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मेलेल्या रेडिओचा माइक उचलून माझ्यासमोर ठेवला. "घे. मी बटन सोडलं. आता तुही पाळी. झालं की ओव्हर म्हनजो."

मला किती वेळ लागला माहीत नाही. बाहेरून दूधवाला आवाज देऊन गेला. काकाजी मध्ये एकदाही "हं" म्हणाले नाहीत. मी पाट्याचं सांगितलं, खोचलेल्या कडेचं सांगितलं, ढगांचं आणि नंतर पाटा चोरून हलवल्याचंही सांगितलं. मग म्हटलं, "ओव्हर."

मला वाटलं आता रागावतील. ते चपला न घालता गच्चीवर पळाले. मी दाखवलेल्या जागी त्यांनी तार कापली, काळी साल सोलली. आतली तांब्याची तार मधला पांढरा थर दाबून बाहेरच्या जाळीला जाऊन टेकली होती; पाठवलेलं तिथूनच उलट येत होतं.

"हाव वो!" काकाजी ओरडले. "माहे हात चांगले आहेत! माहे सारे जोड बराबर होते!"

तो विताएवढा तुकडा घेऊन ते गल्लीभर फिरले. प्रत्येकाला म्हणाले, पाह्य, दोष तारेत होता, तारेत! आमचे हे म्हणाले, "महिनाभर तर उलटं सांगून राहिले होते." काकाजींनी ऐकलंच नाही.

नवी तार त्यांनी बसनं जाऊन अमरावतीहून आणली. अडीच हजारांची. मी म्हटलं, पैसे मी देईन. नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला. "दे. पन एकदम नको. महिन्याले अडीचशे. आन पाच वाजता आनून देजो. सकाळी मी पैसे घेत नाही."

"केवढा चिक्कू मानूस!" आमचे हे म्हणाले. मलाही जरा लागलं.

पण दर महिन्याला मी पाचला जायची. मास्तरांचं बोलणं चाललेलं असायचं, म्हणून बसायची. ते माझी विचारपूस करायचे, कुरडयांचं विचारायचे. मला परवाना नाही, म्हणून मी काकाजींना सांगायची आणि ते मास्तरांना सांगायचे. माझा अर्धाच शब्द निघाला तरी दोघं बाकीच्यासाठी थांबायचे. हळूहळू मी हप्ता नसतानाही त्या वेळेला जायला लागले. पण हप्त्याच्या दिवशी काकाजी चहा आधीच मांडून ठेवायचे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

परवा शेवटचे अडीचशे दिले. काकाजी नोटा हातात घेऊन बसले. मग बटण दाबून म्हणाले, "मास्तर, सुनबाईचे पैसे फिटले." आणि बटण सोडलं.

पेटीतून बराच वेळ नुसती खर्रखर्र आली. मग मास्तरांचा आवाज. "मंग... आता... त्या... येनार... नाहीत?"

काकाजींनी बटणावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. टेप लावलेला चष्मा काढून पुसत बसले.

मी माझ्या वेळानं म्हटलं, "उद्या येईन म्हणा."

तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबून मास्तरांना तेच सांगितलं, आणि नोटा घडी करून खिशात घातल्या. पैसे पुरते फिटले.