चमचाभर मध

ईस्टरला महिना उरला असताना थोरलीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केले, की ससा वगैरे काही नसतो.

"सशाला अंगठा कुठे असतो?" ती शांतपणे म्हणाली. "मग तो टोपली उचलणार कशी?"

धाकट्या चिमणीचा घास हातातच राहिला. मधला एकदा बहिणीकडे, एकदा मामाकडे पाहू लागला. ईस्टरच्या सकाळी ससा येतो आणि प्रत्येकाच्या नावाची टोपली ठेवून जातो, ही त्या घरातली लाडकी समजूत होती. आणि त्या टोपल्या दरवर्षी करणारा मामा मान खाली घालून रिकाम्या वाटीत चमचा फिरवत होता.

"पुरावा असेल तर दाखवा," थोरलीने बजावले. "नाहीतर यंदा मी या दोघांना सगळं खरं सांगणार."

मुलांच्या आईने, म्हणजे मामाच्या ताईने, त्याला स्वयंपाकघरात गाठले. "तिचं जाऊ दे, ती मोठी झाली. पण चिमणीचं एवढं एक वर्ष तरी सांभाळ रे."

"मी काय बोलू तिच्याशी?"

"बोलायला कोण सांगतंय तुला? तोंडाने जमत नाही ना, मग हाताने कर काहीतरी!"

हाताने करणे त्याला जमत असे. तो पुस्तकबांधणी करायचा. घराच्या पुढल्या खोलीत त्याचे दाबयंत्राचे टेबल होते, आणि जे त्याला कधी बोलता आले नाही ते सारे तो पुठ्ठ्याला, कापडाला आणि दोऱ्याला सांगत आला होता. यंदाच्या टोपल्यांत त्याने जीव ओतला. मधल्याची टोपली होडीच्या आकाराची, पुढे टोकदार नाळ असलेली. चिमणीच्या टोपलीची मूठ तिच्या हाताच्या मापाची. ते माप त्याने ती दुपारी झोपली असताना दोऱ्याने हलकेच घेतले होते. थोरलीच्या टोपलीला तळाशी चोरकप्पा होता, कारण हल्ली तिच्याजवळ लपवण्यासारखे काहीतरी असते, हे त्याच्या ध्यानात आले होते आणि उगाचच मनाला लागले होते. तिन्ही टोपल्यांवर सोनेरी वर्खात नावे उमटवलेली होती.

एरवी तो चिकटवायच्या खळीत मोरचूद घालत असे, म्हणजे पुस्तकांना कसर लागत नाही. पण ताईने दटावले होते, "ते विष टोपल्यांत नको हं. चिमणी दिसेल ते चाटते." म्हणून त्याने मैद्याची निव्वळ खळ शिजवली, आणि पुठ्ठा वळताना तडकू नये म्हणून तीत चमचाभर मध घातला. पुढचे सगळे रामायण त्या चमच्याने घडवले.

आता प्रश्न पुराव्याचा होता. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे एक पांढराशुभ्र, कमालीचा गंभीर ससा होता. त्याला सगळे 'साहेब' म्हणत. मामाने दारात उभे राहून, दोनदा घसा खाकरून, तो तासाभरासाठी मागितला.

"न्या की," बाई म्हणाल्या. "पण ते काही खात नाहीत हो. दात वाढत चाललेत, आणि नुसते बसून राहतात. दिवसभर लोकांना चावून खा म्हणून सांगते, घरात माझं कोणी ऐकत नाही."

ईस्टरच्या सकाळी ताई मुलांना घेऊन प्रार्थनेला गेली. मामाने डोके दुखत असल्याचे सांगितले. आणि खोटे बोलायची सवय नसल्यामुळे ते खरोखरच दुखू लागले. त्याने बैठकीच्या खोलीत गवत अंथरून टोपल्या मांडल्या, दारापासून तिथपर्यंत पिठाचा पातळ थर पसरला आणि साहेबांना दाराशी ठेवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालायचे, एवढेच त्यांचे काम होते.

साहेब बसून राहिले.

"चला ना," मामा अजिजीने म्हणाला. "चार पावलं. माझ्यासाठी नाही, चिमणीसाठी."

साहेबांनी एक कान हलवला. शेवटी मामा गाजर शोधायला स्वयंपाकघरात गेला. गाजर तळाशी होते, त्याच्यावर कांदे होते, कांद्यांची पिशवी फाटली आणि ते घरभर पांगले. ते गोळा करून तो परतला, तेव्हा पिठात पावलांची अप्रतिम रांग उमटली होती. ती थेट टोपल्यांपर्यंत गेली होती. आणि साहेब चिमणीच्या टोपलीची मूठ संपवून मधल्याच्या होडीला लागले होते.

"अहो साहेब! अहो, काय करताय!"

त्याने झेप घेतली. पिठावरून पाय सरकला आणि तो पोटावर घसरत पुढे गेला. साहेब थोरलीची टोपली ओढत पलंगाखाली शिरले. मामाने आडवे होऊन हात घातला; आतून संथ, समाधानी कुरकुर ऐकू येत होती. महिनाभराचे काम असे नेटाने चघळले जात असताना, 'निदान कोणाला तरी इतके आवडले,' असा एक चुकार विचार त्याच्या मनात येऊन गेला.

साहेब हाती लागले, आणि त्याच क्षणी फाटक वाजले. मामाने टोपल्यांचे अवशेष गवतावर ठेवले आणि ससा कोटात कोंबला.

मुले दारातच थबकली. मुठी नव्हत्या, होडीची नाळ नव्हती. नावे तेवढी कुरतडलेल्या काठांवर चमकत होती. ताईने कपाळावर हात मारला. चिमणी हळूच पुढे झाली. मामाने डोळे मिटून घेतले.

"सशाने माझी टोपली खाल्ली!" ती किंचाळली. "आई, सशाने माझीच सगळ्यात जास्त खाल्ली!"

"काही नाही! माझी नाळच्या नाळ खाल्लीय!" मधला ओरडला.

"माझी मूठ पूर्ण संपलीय! त्याला मी जास्त आवडते!"

थोरली गुडघ्यांवर बसली. तिने पावले पाहिली, दातांच्या खुणा पाहिल्या, गवतातली एक लेंडी काडीने उलटून पाहिली. मग तिची नजर वर गेली: मामाच्या पांढऱ्या गुडघ्यांवर, पांढऱ्या कोपरांवर आणि कोटाच्या गळ्यातून डोकावणाऱ्या एका लांब कानावर.

भावंडे तिच्याकडेच पाहत होती.

"ससा येऊन गेला," ती सावकाश म्हणाली. "खरा होता. लांबून आला असणार, भूक लागली होती त्याला." मग उठून तिने मामाचा कोट गळ्याशी नीट ओढला आणि पुटपुटली, "चल, मागच्या दाराने."

डॉक्टरीणबाईंनी साहेबांचे तोंड उघडून पाहिले आणि त्या हरखल्या. "अगं बाई, दात काय सुरेख झिजलेत! खायला घातलंत तरी काय?"

"मामाचा अख्खा महिना," थोरली म्हणाली.

परतताना दोघे कुंपणाशी रेंगाळली. आतून, कोणाची टोपली किती खाल्ली गेली यावरचे भांडण ऐकू येत होते. चिमणीचे वर्ष वाचले होते. थोरलीचे लहानपण मात्र आज सकाळी, काहीच आवाज न करता संपले होते. आणि नवल म्हणजे मामाला त्याचे वाटायला हवे होते तितके वाईट वाटत नव्हते.

"मामा, पुढच्या वर्षी तू दोनच टोपल्या कर."

"बरं," तो म्हणाला.

"तिसरी मी करणार. तुझ्यासाठी." तिने त्याच्या कोपरावरचे पीठ झटकले. "पण मध घालणार नाही हं. आणि तू राखणीला बसायचं नाहीस!"