लांबलेला असुरवध

एका जंगलात, मुलांनो, रोज संध्याकाळी तासभर कुणी कुणाला खात नसे.

त्या वेळी टीव्हीवर 'गाथा अष्टभुजेची' लागायची. गुहेगुहेत टीव्ही होता, बिळाबिळात होता. ज्यांच्याकडे नव्हता ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसत. लांडगा आणि ससा मांडीला मांडी लावून बसत, आणि देवी दिसली की दोघंही हात जोडत. मालिका संपली की ससा आधी उठे आणि जरा घाईनं घरी जाई. एवढं सोडलं तर वातावरण फार भक्तीचं होतं.

ती देवी म्हणजे खरी कोण होती? एक शेळी होती. तिचं नाव पवळी.

पवळी खालच्या कुरणातली. ती लहान असताना तिची आई ओढ्यावर पाणी प्यायला गेली आणि तिथं तिला बिबळ्या भेटला. तेव्हापासून पवळी ओढ्यावर गेली नाही. सकाळी गवतावरचं दव चाटायची आणि त्यावर दिवस काढायची.

अशी शेळी देवी कशी झाली, असं तुम्ही विचाराल. मालिका काढणारा एक तरस होता, हसमुखराव. त्याला देवी हवी होती. हरिणी आल्या, लांडोरी आल्या, एक सांबरीण तर घरूनच शृंगार करून आली. पण देवी बसणार वाघावर, आणि वाघ खरा होता. खोटं काही हसमुखरावांना चालत नसे. वाघ समोर आला की सगळ्या पळत. पवळी पळाली नाही. तिला पळायचं होतं, पण पायच उचलेनात. डोळे विस्फारून ती जागच्या जागी उभी राहिली.

हसमुखराव म्हणाले, चेहऱ्यावर काय शांती आहे.

मग तिच्या अंगावर शालू चढला. पुढचे पाय हेच दोन हात धरले आणि लाकडाचे सहा हात पाठीला बांधले. पवळीनं एवढाच विचार केला, की ज्याच्या पाठीवर आपण बसतो त्याला आपल्याला खाता येत नाही. ती हो म्हणाली.

महिषासुराचं काम एक रेडा करायचा. त्याला सगळे नाना म्हणत. नाना स्वभावानं इतका मवाळ, की देवीला ललकारण्याआधी तो रोज पवळीच्या पाया पडायचा. "शब्द लिहून दिलेले आहेत बाई, मनावर घेऊ नका," म्हणायचा. बाहेर त्याला फार सोसावं लागे. बाजारात कुणी त्याला पेंढी विकत नसे. पोरं दगड मारत. नाना दगड चुकवतही नसे. भक्त आहेत, मारायचेच, असं म्हणे. टेकडीपलीकडं त्याचं चिखलाचं डबकं होतं आणि तिथं नानी त्याची वाट बघत होती. दसऱ्याला वध, मग घरी जायचं, असं ठरलेलं होतं.

दसरा आला. पवळीनं त्रिशूळ उचलला. ढोल वाजले. देवीचा चेहरा दाखवला, असुराचा दाखवला, वाघाचा दाखवला, पुन्हा देवीचा दाखवला. तेवढ्यात तास संपला. दुसऱ्या दिवशीही हेच झालं. दिवाळी आली तरी त्रिशूळ वरच होता.

मालिका भलतीच चालली होती. ती संपवायची कशी? नानाला एक वर मिळाला, मग दुसरा मिळाला. मग त्याचं बालपण सुरू झालं, आणि त्या बालपणात त्याच्या आजोबांचं बालपण. पुराणातली गोष्ट संपली तेव्हा हसमुखरावांनी आपल्या पदरची जोडली. असुराच्या दोन राण्या मुदपाकखान्यावरून भांडू लागल्या, त्यात एक अख्खा पावसाळा गेला. नाना अधूनमधून विचारायचा, की मला कधी मारणार. हसमुखराव हसून म्हणायचे, नाना, लोकांचा तुमच्यावर जीव आहे.

पवळीला याचं काही दुःख नव्हतं. एक दिवस ती शालू नेसूनच ओढ्यावर गेली. काठावर तोच बिबळ्या बसला होता. तिला बघून तो बाजूला झाला, आडवा झाला आणि त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. पवळी त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिनं आशीर्वादाचा पाय उचलला. बिबळ्या धन्य झाला. मग ती पोट भरून पाणी प्यायली. वाहत्या पाण्याची चव तिला माहीतच नव्हती.

पण भक्ती एकदा सुरू झाली की तिथंच थांबत नाही, मुलांनो.

लांडग्याचं पोर तापानं फणफणलं होतं. लांडगा देवीला नवस बोलला. पोर बरं झालं. लांडगा वाजतगाजत चित्रीकरणाच्या जागी आला आणि त्यानं देवीपुढं नैवेद्य आणून उभा केला. ते हळद-कुंकू लावलेलं एक करडू होतं. पांढरं, एक कान काळा. पवळीनं ओळखलं. तिच्या मावशीच्या घरचं होतं ते.

त्याला सोडून द्या, असं ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. लांडग्यानं हात जोडले आणि तो करडाला घेऊन बाहेर गेला. थोड्या वेळानं त्यानं प्रसादाचं ताट आणून तिच्यापुढं ठेवलं. देवीनं नैवेद्य पावन करून परत दिला, असा त्यानं अर्थ लावला होता.

पवळीनं लाकडी हातांसकट अंग टाकलं. लोक म्हणाले, अंगात आलं.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी रांग लागू लागली. पवळी हसमुखरावांकडं गेली. हे थांबवा म्हणाली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, भक्तांच्या भावना आहेत, आपण कोण मधे पडणारे? आणि देवीनं शाकाहारी व्हावं असं कथेत कुठंच नाही.

मालिका थेट दाखवली जायची. त्या संध्याकाळी पवळीनं लिहून दिलेलं बोलणं बाजूला ठेवलं. वाघावरून खाली उतरली आणि म्हणाली,

"मी देवी नाही. मी खालच्या कुरणातली पवळी शेळी आहे. माझ्यापुढं माझीच लेकरं कापू नका."

मग गुहागुहांतून हुंदके ऐकू येऊ लागले. देवीनं शेळीचं रूप घेतलं. केवढी ही लीला. हसमुखरावांनी दुसऱ्याच दिवशी 'अजावतार' नावाचं नवं पर्व सुरू केलं. अजा म्हणजे शेळी. आणि लांडग्यानं चारचौघांत विषय काढला, की देवीचा शेळ्यांवर एवढा जीव आहे, तर शेळ्या तिच्याकडंच पाठवायला नकोत का?

रांग दुप्पट झाली.

एका दुपारी नाना झाडाखाली रवंथ करत बसला होता. पवळी त्याच्याजवळ जाऊन बसली.

"नाना, आज तुम्हाला मारते."

नानाचं रवंथ थांबलं. "खरंच?"

"एकदा पडलात की उठायचं नाही. कुणी काही म्हणालं तरी."

"बाई, मी एवढी वर्षं दुसरं काय मागतोय?" मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "पण मुकुट उतरला, की मग तुमचं काय? वाघ आहे, लांडगा आहे."

"आहेत," पवळी म्हणाली. "माझी आई गेली तेव्हाही होते."

संध्याकाळी तिनं त्रिशूळ उचलला आणि ढोल वाजायच्या आतच खाली आणला. नाना कोसळला. इतकं चांगलं काम त्यानं आजवर केलं नव्हतं. हसमुखराव कडेला उभे राहून त्याला उठायच्या खुणा करू लागले. मग त्यांनी आकाशवाणी केली, की असुराचा अजून एक वर शिल्लक आहे. नानाच्या नाकावर माशी बसली, नाकात शिरली, बाहेर आली. नाना हलला नाही. शेवटी नाइलाजानं पडद्यावर 'समाप्त' आलं.

जंगलानं मालिकेचं सुतक पाळलं. कुणी शिकारीला गेलं नाही. वाघ पंजांवर डोकं ठेवून पडून होता. पवळी त्याच्या अंगावरून म्हणावं इतक्या जवळून गेली, त्यानं मान वर केली नाही. ती सुखरूप खालच्या कुरणात पोचली.

कळपात सगळ्यांत वडीलधारा बोकड होता, हरबाजी. त्यानं तिला बसायला सांगितलं नाही.

"तूच बंद केलीस ना?"

"पोरं वाचली, काका," पवळी म्हणाली.

"कशी वाचली? वाघ आजपासून गवत खाणार आहे का? पोरं पूर्वीही जायची, पुढंही जातील. मधल्या काळात वाजतगाजत जात होती. हळद लागत होती, कुंकू लागत होतं. आपल्या मरणाला पहिल्यांदा काही मान मिळाला होता. तो तू घालवलास."

मावशीनं तिच्याकडं पाठ फिरवली.

सुतक फिटलं, आणि खरंच पोरं जाऊ लागली. बिनहळदीची. मग शेळ्यांचंच शिष्टमंडळ हसमुखरावांकडं गेलं आणि मालिका पुन्हा सुरू करा म्हणालं. लोकाग्रहास्तव ते तयार झाले. दुसऱ्या भागासाठी खालच्या कुरणातलीच एक तरणी शेळी देवी म्हणून निवडली. मुहूर्ताला नैवेद्य लागणार होता. तो मान आपल्याला मिळावा, असं शेळ्यांनी विनवलं. मग कुणाला पाठवायचं यावर बैठक बसली. फार चर्चा झाली नाही. जिच्या अंगात देवी राहून गेली तिच्याइतकं पवित्र कळपात दुसरं कोण होतं?

त्यांनी पवळीला न्हाऊ घातलं. हार घातला. हरबाजीनं स्वतः कुंकू लावलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मुहूर्ताला सगळं जंगल लोटलं. नवी देवी वाघावर बसली. पवळीला पुढं आणलं. ती हळूच म्हणाली, "बाळ, मला सोडायला सांग." पोरीनं हसमुखरावांकडं बघितलं. त्यांनी दिव्याकडं बोट दाखवलं. पोरीनं उजेडाकडं तोंड केलं आणि आशीर्वादाचा पाय उचलला.

आता त्या दिवशी जुन्या कलावंतांचा सत्कारही होता. म्हणून नाना पहिल्या रांगेत शाल पांघरून, नारळ पुढ्यात घेऊन बसला होता. त्यानं पवळीला बघितलं. तो उठला. एवढ्या लोकांत काय बोलावं हे त्याला कळेना, कारण आजवर तो लिहून दिलेलंच बोलत आला होता. मग त्याला त्यातलंच एक आठवलं.

"अष्टभुजे," तो गरजला, "हा नैवेद्य माझा आहे."

लोकांची पांगापांग झाली. लांडगा झाडामागं गेला. वाघ देवीला पाठीवर घेऊनच मागं सरकला. नानानं इंद्राला लोळवलेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नानानं पवळीच्या गळ्यातला हार दातात धरला आणि तो तिला घेऊन टेकडीच्या वाटेला लागला. कुणी मागं गेलं नाही. असुराला अडवणं हे देवीचं काम होतं. देवी हसमुखरावांकडं बघत होती, आणि हसमुखराव पोट धरून हसत होते. मालिकेला अशी सुरुवात त्यांना सात जन्मांत सुचली नसती.

तो दुसरा भाग अजून चालू आहे. त्यात देवी असुराला शोधते आहे.

पवळी टेकडीपलीकडं राहते. नानीनं तिला डबक्याकाठची कोरडी जागा दिली आहे. गवत बेताचं आहे, पण पाणी जवळ आहे. तिथं टीव्ही नाही. वारा जंगलाकडचा असला की संध्याकाळी आरती ऐकू येते. असुराचा लवकर नाश व्हावा म्हणून सगळं जंगल एका सुरात प्रार्थना करत असतं. नाना चिखलात बसल्या बसल्या ऐकतो, आणि मनापासून हात जोडतो.

तात्पर्य : संकटात देवीचा धावा जरूर करावा, राहायला मात्र असुराच्या शेजारी जागा बघावी.