कुंदाताईंचा वीस बाजूंचा फासा

कुंदाताईंच्या ओटीवर चहा मागायचा असेल तर फासा टाकावा लागतो. थट्टा नाही. परवा उन्हातून घामाघूम होऊन गेलो आणि म्हटलं, "ताई, घोटभर चहा मिळेल का?" तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि वीस बाजूंचा लाल फासा माझ्यापुढे सरकवला. "दहाच्या वर पडला तर दुधाचा, खाली पडला तर कोरा." पडले सहा. "सर, तुमची छाप चार. त्याचेही वजा होणार. कोरासुद्धा अर्धाच मिळेल." आणि खरंच अर्धा कप दिला हो!

मी इथल्या, म्हणजे बोर्ली पंचतनच्या, हायस्कुलात भूगोल शिकवतो. वर्गात साठ पोरं मला घाबरतात. पण कुंदाताईंच्या दप्तरात माझी छाप चार आहे ती आहे.

कुंदाताई सगळी हयात पोस्टात काढून निवृत्त झालेल्या. नवरा गेला, मूलबाळ नाही. खाडीपल्याड मुरुडला धाकटी बहीण, तिला आम्ही सगळे माई म्हणतो. माई दर दिवाळीत फेरीबोटीनं यायच्या. एका दिवाळीत माईंची नात हा खेळ कुंदाताईंकडे विसरून गेली. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. प्रत्येक माणसाचा एक कागद, त्यावर सहा रकाने: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप. अवघड काही करायचं झालं की फासा टाकायचा, रकान्याप्रमाणे अधिक-वजा करायचं, आणि ठरलेला आकडा गाठला तर काम फत्ते. दुसऱ्या बाईनं हे नातीला पार्सल केलं असतं. कुंदाताईंनी नियमांचं पुस्तक तारा वाचाव्यात तसं शब्दन् शब्द वाचलं आणि दर रविवारी दुपारी आम्हां तिघांना ओटीवर बसवायला सुरुवात केली.

तिघं म्हणजे मी, पिठाच्या गिरणीवाल्या सुलभावहिनी आणि पोफळीवर चढून सुपारी उतरवणारा अनंता.

पहिल्याच रविवारी भांडण. गोष्टीत किल्ल्याच्या भिंतीवर चढायचं होतं. अनंताला दोन पडले आणि त्याचा माणूस धाडकन खाली. अनंता उठून उभाच राहिला. "मी रोज चाळीस पोफळी चढतो, अन् माझा मानूस भितीवरनं पडला? व्हय का वो ताई?"

"चढतोस तू. तो नाही चढत. रकाने वेगळे आहेत."

हे त्यांचं पालुपद. गावात कुणाचंही नाव काढा, "बुद्धी आहे रे, पण शहाणपण नाही. रकाने वेगळे आहेत," असं म्हणून त्या मोकळ्या.

सुलभावहिनींना आकड्यांचा भारी राग. त्यांचं म्हणणं, माणूस काय बोलतो ते बघा, आकडे कसले बघता? एकदा त्यांनी किल्ल्याच्या पहारेकऱ्यापुढे असं काही भाषण केलं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुंदाताईंनीही पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फार छान. आता फासा टाक." एक पडला. "पहारेकरी बहिरा होता," कुंदाताईंनी निकाल दिला. वहिनी दोन रविवार फिरकल्या नाहीत.

अनंताची गोष्ट उलटी. चौथीत शाळा सोडलेला हा गडी, पण त्याच्या माणसाची बुद्धी फाशावर सतरा आली. त्यानं तो कागद सासुरवाडीला नेऊन दाखवला. आता रोज सकाळी चहाच्या टपरीवर तो पेपर मोठ्यानं वाचतो. अडखळतो, पण सोडत नाही. "सतरा हाय माझी. न्हाय वाचलं तर शोभंल का?" मी इतकी वर्षं शिकवतोय, माझ्यानं एका पोराचं एवढं भलं झालं असेल तर शपथ.

दोन गोष्टी मात्र आम्हांला खटकायच्या. एक म्हणजे फासा जिथे थांबेल तिथे, ज्यानं टाकला त्यानंच जाऊन वाचायचा. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही तसा दुसऱ्याचा फासाही वाचायचा नाही. ह्या नियमापायी मी अळवाच्या वाफ्यात गुडघाभर चिखलात उतरलोय. दुसरी गोष्ट शालू. आम्ही तिघं मरायला टेकलो की कुंदाताईंच्या गोष्टीत कुठूनशी ही शालू उगवायची. सहाही रकान्यांत अठरा! ती कधी फासा टाकायची नाही. यायची ती सरळ आमच्या वेण्या धरून आम्हांला बाहेर ओढायची.

"मला वेणी नाही," मी एकदा म्हटलं.

"मग शेंडी धरेल. जास्त बोलू नका."

ह्या गणपतीच्या आधी माई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण बोटीत चढउतार कायमची बंद. त्यांनी फोनवर सांगितलं, "कुंदे, मी काही आता येत नाही. भेटायचं तर तू ये." आणि इथेच सगळं अडलं. आमच्या आठवणीत कुंदाताई कधी बोटीत बसल्या नव्हत्या. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस, आणि त्यांना दहा मिनिटांत गाडी लागते. दोन रविवार ओटीवर खेळ मांडला गेला नाही. तिसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, "तिला बघितल्याशिवाय मी गेले तर वर जाऊन काय सांगू?"

"चला तर मग," सुलभावहिनी म्हणाल्या. "आम्ही आहोत ना सोबत."

आम्ही दिघीच्या धक्क्यावर पोचलो. अनंतानं चौघांची तिकिटं काढली. बोटीची लोखंडी फळी धक्क्याला टेकली, गाड्या चढल्या. कुंदाताई मात्र फळीपासून चार हातांवर खिळलेल्या.

"माझा कागद नाही. कागदाशिवाय माणूस हलत नाही."

वहिनींनी तिथल्या तिथे तिकिटाच्या मागे 'दम: अठरा' लिहिलं. कुंदाताईंनी ते खोडून 'चार' केलं. "खोटे आकडे लिहायचे नाहीत. चार म्हणजे तीन वजा. पंधरा गाठायला हवेत." आणि पिशवीतून फासा काढून, डोळे मिटून त्यांनी टाकला.

टाकला तो ठणठणत फळीवर गेला आणि उतारावरून घरंगळत बोटीत, एका टेम्पोच्या मागच्या चाकाखाली.

"मी आणतो," अनंता धावला.

"हात लावू नकोस! डाव रद्द होईल!" कुंदाताई ओरडल्या आणि साडीचा काठ उचलून ताडताड फळीवरून बोटीत शिरल्या. मागोमाग आम्ही. त्या टेम्पोशी वाकल्या, चष्मा सावरला, मान तिरकी केली. तेवढ्यात पाठीमागे फळी वर उचलली गेली. त्यांचं लक्षच नाही.

"पाच!" त्या उठून उभ्या राहिल्या. "तीन वजा, राहिले दोन. नापास! सपशेल नापास! मी काही येत नाही." आणि वळल्या तर धक्का पन्नास हात मागे गेलेला.

अनंताचा दंड कुंदाताईंनी असा आवळला, की पोफळीवर चढणारा गडी कळवळला. मी म्हटलं, "ताई, नापास होऊनसुद्धा तुम्ही बोटीत आहात. आता पुस्तकात काय नियम आहे?" त्यांनी खरंच विचार केला. "नियम नाही," त्या म्हणाल्या. मग सुलभावहिनी अशा हसायला लागल्या, की टेम्पोचा ड्रायव्हरही डोकावून बघायला लागला.

खाडीच्या मध्यावर आल्यावर त्या हळूच बोलल्या. "मी नऊ वर्षांची होते. इथंच होडी उलटली. बुडालेच होते मी. शालू सात वर्षांची, एवढीशी. तिनं माझी वेणी धरली ती काठ येईपर्यंत सोडली नाही."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. माईंचं माहेरचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं. इतके रविवार आम्ही त्या अठराच्या रकान्यांवरून कुंदाताईंशी भांडलो होतो! माझी मलाच लाज वाटली.

पलीकडच्या काठावर, आगरदांड्याला, फळी पडली. सगळ्यांच्या पुढे कुंदाताई उतरल्या, मान ताठ करून, जणू खाडी त्यांनी पोहून पार केली होती. वहिनींनी फोनवर 'धक्क्यावर या' एवढंच सांगून ठेवलं होतं, म्हणून टपरीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत माई येऊन बसल्या होत्या. शेजारी वॉकर, अंग पार वाळलेलं.

"शालू! नापास झाले गं, तरी आले!"

"बोटीतनं? तू?" माईंना हसू आवरेना आणि रडूही आवरेना. त्या वॉकर धरून उठायला गेल्या. अर्ध्यातून परत खुर्चीत बसल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसल्या. अनंतानं टेम्पोखालून फासा उचलून आणला होता, तो त्यानं सवयीनं पुढे केला. "ताई, माईंना टाकू द्या की एकदा."

कुंदाताईंनी फासा घेतला, पिशवीत टाकला आणि चेन लावली.

"हिला फासा नाही," त्या म्हणाल्या आणि बहिणीपुढे वाकल्या. "ऊठ शालू. वेणी काही राहिली नाही आता. खांदा धर."